तुम्ही विचारलंत म्हणून: थिसिसचं अ‍ॅनालिसिस कशात करू?

कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी उन्हाळ्यात फोन येतातच. रब्बीची काढणी उरकलेली असते, थिसिस जमा करायची तारीख जवळ आलेली असते आणि पलीकडून घाईघाईचा आवाज येतो, "मॅडम, अ‍ॅनालिसिस कशात करू? वास्प, ऑपस्टॅट, की आर शिकू?"

संख्याशास्त्राची ही तिन्ही सॉफ्टवेअर चांगली आहेत आणि तिन्ही फुकट आहेत. वास्प तर आपल्या शेजारचंच, जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेनं तयार केलेलं. ऑपस्टॅट हिस्सारच्या कृषी विद्यापीठाचं. दोन्ही ब्राउझरमध्ये उघडतात. ट्रीटमेंट (म्हणजे तुलना करायची खतं, वाण वगैरे) किती, रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंट किती वेळा लावली) किती ते सांगायचं, आकडे पेस्ट करायचे, की अ‍ॅनोव्हाचा तक्ता (आकड्यांतला फरक कशामुळे किती, याची विभागणी) आणि सी.डी. (दोन ट्रीटमेंटच्या सरासरींत निदान इतका फरक असेल तरच तो खरा मानायचा, ती मर्यादा) समोर. आर ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहायला घेतलं होतं, १.०.० ही आवृत्ती २००० साली आली. पुढे पीएच.डी. करायचं मनात असेल तर आर शिकाच. फक्त एका हंगामाची आर.बी.डी. (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट लावायच्या, एक ब्लॉक म्हणजे एक रेप्लिकेशन) असेल तर वास्प पुरेसं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पण उत्तर दिल्यावर मी लगेच विचारते, "तुझ्या तक्त्यात एररचा डी.एफ. किती यायला हवा?" (डी.एफ. म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, तुलनेसाठी हाताशी किती स्वतंत्र आकडे आहेत ती संख्या; एरर म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉक सोडून उरलेला फरक.) बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. मला काळजी या शांततेची वाटते.

आम्ही शिकलो तेव्हा पानसे-सुखात्मे हे शेतीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक उघडून, कॅल्क्युलेटर घेऊन सगळं हातानं करायचो. (त्यातले पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९५४ सालचं ते पुस्तक माझ्याकडे अजून आहे, पाठपुठ्ठा निघालेला.) करेक्शन फॅक्टर, ब्लॉकची बेरीज, ट्रीटमेंटची बेरीज, असं करत अख्खी दुपार जायची. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या बेरजा करताना कुठला आकडा कुठल्या प्लॉटचा, हे डोक्यात पक्कं बसायचं. पेस्ट करताना ते बसत नाही.

म्हणून लॅपटॉप उघडायच्या आधी एका कागदावर शेताचा ले-आउट काढा आणि खाली डी.एफ. लिहा. समजा ७ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन, म्हणजे २१ प्लॉट. संख्येतून एक वजा केला की डी.एफ., म्हणून एकूण डी.एफ. २०. रेप्लिकेशनचे २, ट्रीटमेंटचे ६, उरले १२, ते एररचे. दोन मिनिटांचं काम आहे. मग सॉफ्टवेअरचा तक्ता आला, की आधी फक्त हा रकाना जुळवा. फरक खरा की योगायोगाचा ते सांगणाऱ्या एफ व्हॅल्यूकडे नंतर बघा.

एका मुलाचा हरभऱ्यावरचा खताचा प्रयोग होता. अगदी हाच, सात आणि तीनचा. तक्ता घेऊन आला तेव्हा खूश होता, कारण जवळजवळ प्रत्येक ट्रीटमेंट दुसरीपेक्षा सिग्निफिकंट वेगळी निघाली होती. एररचा डी.एफ. मात्र ८४! प्रत्येक प्लॉटमधल्या टॅग केलेल्या पाच झाडांची उंची त्यानं वेगवेगळी भरली होती आणि रेप्लिकेशन १५ सांगितले होते. सॉफ्टवेअरनं निमूटपणे सहा गुणिले चौदा केलं. पण खत दिलं होतं प्लॉटला, झाडाला नाही. एका प्लॉटमधली पाच झाडं म्हणजे त्याच मातीची, त्याच ओलीची पाच मोजमापं. ती पाच रेप्लिकेशन होत नाहीत. सी.डी. काढताना तीनच्या जागी पंधरानं भागलं गेलं, म्हणून ती इतकी बारीक झाली होती. पाच झाडांची सरासरी घेऊन आम्ही पुन्हा बसलो. वरच्या तीन ट्रीटमेंट अ‍ॅट पार, म्हणजे सारख्याच धरायच्या, आल्या. त्याचा चेहरा उतरला. त्या तीनपैकी सर्वांत स्वस्त खताची शिफारस तुला आता निश्चिंतपणे करता येईल, हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तोच निष्कर्ष मोलाचा होता.

आरमध्ये वेगळी गंमत होते. ट्रीटमेंटला १ ते ७ असे क्रमांक दिले आणि तो रकाना फॅक्टर, म्हणजे नुसती नावं, आहे असं सांगितलं नाही, तर आर ते खरेच आकडे समजतं आणि ट्रीटमेंटचा डी.एफ. ६ ऐवजी १ दाखवतं. टी१, टी२ असं लिहिलं की हा घोळ टळतो. आणि आडव्या-उभ्याची अदलाबदल झाली, म्हणजे ३ ट्रीटमेंट आणि ७ रेप्लिकेशन भरले गेले, तर एररचा डी.एफ. तरीही १२ च येतो. म्हणून ट्रीटमेंटची ओळही बघायची.

डी.एफ. जुळवूनही न सापडणारी एक चूक आहे. रानडुकरांनी एक प्लॉट उद्ध्वस्त केला आणि एक्सेलमध्ये तिथे ० भरला. बाकी दोन प्लॉटचं उत्पादन १८ आणि २० असेल तर सरासरी १९ न येता १२.६७ येते. तिथं पीक आलं नाही असं नाही, ते मोजता आलं नाही. तो रकाना रिकामा ठेवा आणि मला सांगा. मिसिंग प्लॉटची रीत वेगळी आहे.

शेवटी एक सी.डी. हातानं काढून बघा. एररचा एम.एस. (मीन स्क्वेअर, तो तक्त्यातच असतो) १.५ असेल तर त्याची दुप्पट ३, तिला रेप्लिकेशननं म्हणजे ३ नं भागलं की १, त्याचं वर्गमूळ १. बारा डी.एफ.ला पाच टक्क्यांची टी व्हॅल्यू (ती छापील टी-तक्त्यात मिळते) २.१७९, तिनं त्या १ ला गुणलं की सी.डी. २.१८. स्क्रीनवरही हाच आकडा असेल तर रिझल्ट्सचं प्रकरण लिहायला घ्या.