कन्सल्टंट नक्की कोणाचा?

चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीला बसलो होतो, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांच्या हातातला बायोडेटा माझाच असूनही मला ओळखू येईना. वर मला तिथे पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीचे, म्हणजे कंपन्यांना माणसे शोधून देणाऱ्या संस्थेचे, बोधचिन्ह छापलेले होते, माझा मोबाईल क्रमांक आणि ई-मेल काढून टाकलेला होता आणि मी लिहिलेल्या ९ वर्षांच्या अनुभवाची ११ वर्षे झालेली होती. मी खरा आकडा सांगितला, आणि त्यानंतर माझ्या प्रत्येक उत्तराकडे संशयाने पाहिले गेले. ती नोकरी मिळाली नाही याचे दुःख ओसरले, पण माझ्या नावावर दुसऱ्याने खोटे लिहिले याचा राग आजही आहे.

फोन क्रमांक काढण्यामागचे कारण मात्र पुढे कळले. कंपनीने उमेदवाराला परस्पर बोलावले, तर कन्सल्टंटचे कमिशन बुडते. हे कमिशन कंपनी देते आणि पुष्कळ ठिकाणी ते वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतके असते. वर्षाला ९ लाखांवर माणूस रुजू झाला, तर कन्सल्टंटला सुमारे ७५ हजार मिळतात. तो ठरलेल्या मुदतीत, बहुधा ६० ते ९० दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो. रुजू झाल्यावर महिनाभराने ‘सगळं ठीक चाललंय ना?’ असा आपुलकीचा फोन येतो, त्यामागे हा हिशेबही असतो.

पगार जितका जास्त तितके त्याचे कमिशन जास्त, म्हणून तो आपल्यासाठी घासाघीस करील, असे अनेकांना वाटते. पण आपला वार्षिक पगार ५० हजारांनी वाढला, तर त्याच्या पदरात जेमतेम ४ हजार जास्त पडतात, आणि ताणून धरल्यामुळे बोलणी फिसकटली तर सगळेच जाते. साहजिकच ‘सर, एवढ्यावर हो म्हणा’ हा आग्रह आपल्यालाच अधिक होतो.

असे असूनही माझी आत्ताची नोकरी एका कन्सल्टंट बाईंमुळेच मिळाली, आणि हे मी कृतज्ञतेने लिहितो. त्या जागेची जाहिरात कुठेच नव्हती, कारण त्या जागेवरचा माणूस अजून कामावर होता. बाईंनी कंपनीचे नाव पहिल्याच फोनवर सांगितले, पगाराची मर्यादा सांगितली, प्लँट हेड (कारखानाप्रमुख) ग्राहकाच्या तक्रारीवरचा ‘एट-डी’ अहवाल, म्हणजे तक्रारीचे मूळ कारण आणि उपाय मांडणारा आठ टप्प्यांचा अहवाल, हमखास विचारतात हेही सांगितले, आणि माझा ९० दिवसांचा नोटीस पिरियड चालेल का, हे मुलाखतीआधीच कंपनीकडून वदवून घेतले. ही माहिती मला एकट्याला कधीच मिळाली नसती. अनुभवी माणसाला चांगल्या कन्सल्टंटचा फायदा होतो, तो असा. नवख्या पदवीधरासाठी कंपन्या सहसा असे कमिशन मोजत नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याला हा फायदा फारसा येत नाही.

एक चूक मात्र मी स्वतः केली होती. दोन कन्सल्टन्सींना ‘कुठेही पाठवा’ म्हणून मोकळीक दिली, दोघींनी एकाच कंपनीला बायोडेटा पाठवला, आणि कमिशन कोणाचे हा वाद नको म्हणून कंपनीने मलाच वगळले. तेव्हापासून कंपनीचे नाव कळल्याशिवाय आणि माझा लेखी होकार गेल्याशिवाय बायोडेटा पुढे जाऊ देत नाही.

उमेदवाराकडूनच पैसे मागणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या कराराने असे पैसे घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि त्याच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. रत्नागिरीहून आखाताकडे निघालेल्या मुलांनी निदान ही नोंदणी तपासूनच पैशाला हात घालावा.

माझ्या भाच्याकडे गेल्या महिन्यात अशाच एका ठिकाणी ५ हजार रुपये ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून मागितले गेले; तो न देता परत आला. आता त्याने एक वही केली आहे, तीत तारीख, कन्सल्टन्सी आणि कंपनी असे तीन रकाने आहेत. काल आलेल्या फोनवर त्याने तिसऱ्या रकान्यासाठी कंपनीचे नाव विचारले, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.