तुम्ही विचारलंत म्हणून: "ते तिकडे तसं करतात, मग आपण इकडे का नाही?"

व्याख्यान संपतं, लोक खुर्च्या सरकवायला लागतात, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारतं, "मॅडम, पाकिस्तानात हिंदूंचे हाल चाललेत, मुली पळवतात, देवळं फोडतात. आणि आपण इकडे सगळ्यांच्या हक्कांची काळजी करत बसायचं? जशास तसं केल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

मी अनेक वर्षं इतिहास शिकवला. हा प्रश्न मला वर्गात, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात विचारला गेलाय. विचारणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. तिकडच्या माणसांचं दुःख त्याला खरंच टोचत असतं, आणि ते दुःखही खरं आहे. म्हणून त्याला एका वाक्यात गप्प करावंसं मला कधी वाटलं नाही. पण खुर्च्या सरकत असताना दोन मिनिटांत हे सांगता येत नाही, म्हणून आज लिहिते.

'जशास तसं' हा उपाय जगात करून पाहिलेला आहे, तोही कायद्याच्या कागदावर. १९२३ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी ठरवलं की आपापले अल्पसंख्याक एकमेकांना देऊन टाकायचे. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले. त्यातले बरेचसे आदल्या वर्षीच्या युद्धात जीव मुठीत धरून आधीच पळाले होते. साडेतीन ते चार लाख मुसलमान उलट दिशेने तुर्कस्तानात गेले. कोण कुठे जाणार हे भाषेवरून ठरलं नाही, धर्मावरून ठरलं. अनातोलियातले, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातले, कित्येक ख्रिस्ती घरात तुर्कीच बोलत, ग्रीक लिपीत तुर्की लिहीत. ते 'मायदेशी' ग्रीसला पोचले तेव्हा त्यांना तिथली भाषा कळेना. क्रीटमधल्या मुसलमानांना ग्रीकच येत होतं, त्यांची तुर्कस्तानात तीच गत झाली.

मला मात्र जास्त विचार करायला लावतात ते मागे राहिलेले लोक. इस्तंबूलमधल्या ग्रीकांना आणि ग्रीसच्या पश्चिम थ्रेस भागातल्या मुसलमानांना या अदलाबदलीतून वगळलं होतं. दोन्हीकडे साधारण लाखभर माणसं. लोझान तहाच्या ४५व्या कलमात लिहिलं गेलं की तुर्कस्तानातल्या बिगरमुस्लिमांना जे हक्क, तेच ग्रीस आपल्या मुस्लिमांना देईल. वाचायला किती रास्त वाटतं! दोन समान वाट्या, एकाच तराजूत. पण पुढे दोन्ही सरकारांनी या कलमाचा अर्थ उलटा लावला. तू माझ्या माणसांचा हक्क काढलास, तर मीही तुझ्या माणसांचा काढीन. 'तुझी माणसं' म्हणजे खरं तर स्वतःचेच नागरिक होते, हे दोघंही विसरले.

१९४२ साली तुर्कस्तानात संपत्ती कर आला. करदात्यांच्या याद्या धर्मावरून वेगळ्या केल्या आणि बिगरमुस्लिमांवर कितीतरी पट जास्त आकारणी झाली. ज्यांना भरता आला नाही त्यांना पूर्वेकडच्या अश्काले इथल्या छावणीत मजुरीला पाठवलं. पण मी वर्गात नेहमी सांगते ती तारीख ६ सप्टेंबर १९५५. ग्रीक आणि तुर्क दोघंही राहतात त्या सायप्रस बेटाचं पुढे काय करायचं, या प्रश्नावर लंडनमध्ये ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांची परिषद चालू होती. तेवढ्यात थेस्सलोनिकीतल्या तुर्की वाणिज्य दूतावासाच्या आवारात, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांचा जन्म झाला त्या घराजवळ, बॉम्ब फुटला. नुकसान किरकोळ होतं. इस्तंबूलच्या एका वर्तमानपत्राने जादा अंक काढला, जमाव आधीच तयार होता, आणि त्या रात्री ग्रीकांची हजारो दुकानं, शेकडो घरं, सत्तरच्या वर चर्च फोडली गेली. आर्मेनियन आणि ज्यू लोकांची दुकानंही सुटली नाहीत. पुढे सरकार उलथल्यावर यासिआदा बेटावर खटले चालले, तेव्हा हे दंगे भडकवल्याबद्दल खुद्द माजी पंतप्रधान मेंदेरेस यांना दोषी धरलं गेलं. लंडनच्या टेबलावर आपला शब्द जड व्हावा म्हणून इस्तंबूलच्या रस्त्यावर शिंप्याच्या आणि वाण्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. सायप्रसशी त्या वाण्याचा काय संबंध होता?

१९६३च्या डिसेंबरात सायप्रसमध्ये पुन्हा रक्त सांडलं. १९६४ साली तुर्कस्तानने ग्रीसबरोबरचा एकमेकांच्या नागरिकांना राहू देण्याचा १९३०चा वास्तव्य-करार मोडला आणि इस्तंबूलमध्ये राहणाऱ्या सुमारे १२ हजार ग्रीक नागरिकांना हाकललं. त्यांना बरोबर नेता यायचं २० किलो सामान आणि २०० लिरा. त्यातल्या अनेकांच्या बायका-मुलांकडे तुर्की नागरिकत्व होतं. कायद्याने त्यांना कुणी काढलं नव्हतं, पण घरचा माणूस गेल्यावर ती मागे राहून काय करणार? तीही गेली. हेतू असा की अथेन्सवर दबाव येईल. सायप्रसचा प्रश्न त्याने तसूभरही हलला नाही. इस्तंबूलमध्ये आज दोन-तीन हजार ग्रीक उरलेत.

आता तराजूची दुसरी वाटी. आपला प्रश्नकर्ता म्हणेल, ग्रीसने उत्तर दिलं असेल, तेव्हा तुर्कस्तान नरमलं असेल. ग्रीसने उत्तर दिलं. १९५५च्याच नागरिकत्व कायद्यात १९वं कलम होतं: ग्रीक वंशाचा नसलेला नागरिक परत न येण्याच्या इराद्याने देश सोडून गेला, तर त्याचं नागरिकत्व काढून घेता येईल. इराद्याचा निवाडा अधिकारी करणार. कुणी शिकायला गेलं, कुणी जर्मनीत कामाला गेलं, परत आल्यावर सीमेवर कळायचं की आपण आता कुणाचेच नाही. १९९८ साली ते कलम रद्द झालं तोवर साठ हजारांच्या आसपास माणसांनी नागरिकत्व गमावलं होतं. थ्रेसमधल्या मुसलमानांना घर दुरुस्त करायची परवानगी मिळत नसे, जमीन विकत घेता येत नसे, ट्रॅक्टर चालवायचा परवाना मिळणं दुष्कर. त्यामुळे इस्तंबूलमधल्या एका तरी ग्रीकाचं दुकान वाचलं का? मी खूप शोधलं. मला असा एकही प्रसंग सापडला नाही.

हे असं का होतं, यावर माझं मत सांगते. जशास तसं या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोरच्या सरकारला इथल्या 'त्याच्या' माणसांचं दुखतं. तसं नसतं. शत्रुदेशात आपल्या धर्माच्या माणसाला मार पडला की सरकारला भाषणाला विषय मिळतो, घरातल्या अल्पसंख्याकांवर हात टाकायला निमित्त मिळतं. ओलीस ठेवलेल्या माणसासाठी कुणीतरी खंडणी द्यायला तयार हवं. इथे खंडणी द्यायला कुणीच येत नाही.

ओलीस हा शब्द मी उगाच वापरत नाही. फाळणीच्या आधीच्या वर्षांत आपल्याकडे हा सिद्धांत उघड बोलला जात होता. दोन्ही देशांत अल्पसंख्याक राहतील, एकमेकांच्या भीतीने दोन्ही सरकारं त्यांना नीट वागवतील, म्हणजे शांतता. बाबासाहेब आंबेडकरांचा यावर विश्वास नव्हता, कागदी संरक्षणांवरही नव्हता. त्यांनी ग्रीस, तुर्कस्तान, बल्गेरिया यांचा दाखला देऊन लोकसंख्येची अदलाबदल हाच कायमचा उपाय मानला. लोझाननंतर ज्यांना उपटून नेलं त्यांचं काय झालं हे वाचल्यावर त्यांचा उपाय मला पटत नाही. पण मागे राहणाऱ्याचा वाली कोण, हा त्यांचा प्रश्न अचूक होता, आणि १९४७ साली त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

इथे मला आमच्या इमारतीतल्या सिंधी काकांबद्दल सांगायला हवं. ते सिंधमधल्या शिकारपूरहून १९४८ साली कल्याणच्या छावणीत आले, त्याच छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. धाकटा भाऊ मात्र तिकडेच राहिला. म्हातारी आई निघायला तयार नव्हती आणि कपड्याचं छोटं दुकान होतं. ६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. पुढच्या दोन-तीन दिवसांत पाकिस्तानातल्या कितीतरी गावांत देवळं फोडली गेली, लाहोरचं जैन मंदिर पाडलं गेलं. काकांचा तिकडे फोन लागेना. त्या आठवड्यात मी त्यांना आमच्या बाजारातल्या मुसलमान शिंप्याच्या बंद दुकानासमोर स्टूल टाकून बसलेलं पाहिलं. संध्याकाळी थंडी पडायची, तरी बसलेले. मला वाटलं शेजारधर्म. विचारलं तर म्हणाले, "बेटी, याच्या दुकानाला काही झालं ना, तर बातमी तिकडे जाईल. मग माझ्या भावाच्या दुकानाला होईल." जशास तसं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांच्या नावाने आपण तो हिशेब मांडतो, त्यातल्या एकाचा सख्खा भाऊ माझ्यासमोर स्टूलावर बसून तो हिशेब थांबवायला धडपडत होता.

संशयाला आणखी एक खोड असते. माणूस गप्प राहिला तरी तो 'त्यांचा' ठरतो. इराणमधल्या बहाई या अल्पसंख्याक धर्माच्या लोकांवर इस्रायलचे हेर असल्याचा आरोप वर्षानुवर्षं होतो, कारण त्यांची पवित्र स्थळं आजच्या इस्रायलमधल्या हैफा आणि अक्का इथे आहेत. या धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांना तुर्कांच्या ऑटोमन सरकारने १८६८ साली कैदी म्हणून अक्क्याला आणून ठेवलं होतं. इस्रायल जन्मलं १९४८ साली. ऐंशी वर्षांचं हे अंतर आरोप करणाऱ्यांना अडवत नाही. जून १९८३मध्ये शिराझला दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली. सगळ्यात लहान १७ वर्षांची होती आणि तिचा एक गुन्हा होता लहान मुलांना धर्माचे धडे देणं. हे वाचताना मी दरवेळी थांबते.

हे मालमत्तेच्या कायद्यांतही दिसतं. १९६५च्या युद्धात पाकिस्तानने 'शत्रू मालमत्ता' जाहीर केली, आणि पूर्व पाकिस्तानात तिच्याखाली अशा हिंदूंच्या जमिनी गेल्या जे स्वतः तिथेच राहत होते, फक्त कुणी नातेवाईक भारतात गेला होता. बांगलादेश झाल्यावर कायद्याचं नाव बदललं, जमिनी परत मिळाल्या नाहीत. परतीचा कायदा व्हायला २००१ उजाडलं. आपल्याकडे शत्रू मालमत्ता कायदा १९६८चा. २०१७च्या दुरुस्तीनंतर पाकिस्तानात गेलेल्या माणसाचा वारस जन्माने, कागदाने, मताने भारतीय असला तरी त्या घरावर त्याचा वारसाहक्क राहत नाही. हे सांगितलं की सभेत थोडी कुजबुज होते. होऊ दे. दोन्ही कायदे एकाच भीतीतून जन्मले आहेत.

याउलट एक कागद मला मोलाचा वाटतो. ८ एप्रिल १९५०ला दिल्लीत नेहरू आणि लियाकत अली खान यांनी करार केला. पूर्व आणि पश्चिम बंगालमधून लाखो लोक जीव घेऊन पळत होते, युद्धाची भाषा चालली होती. त्या करारात म्हटलंय की अल्पसंख्याकांची निष्ठा ते ज्या देशाचे नागरिक आहेत त्या देशाशी, आणि त्यांनी गाऱ्हाणी न्यायची तीही आपल्याच सरकारकडे. म्हणजे शिकारपूरच्या हिंदूचं सरकार पाकिस्तानचं. त्याच्या रक्षणाचा जाब आधी त्या सरकारने द्यायचा. हा करार पुरेसा पाळला गेला नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी त्याच्या निषेधार्थ मंत्रिपदं सोडली. पूर्व बंगालमधले दलित नेते आणि पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल त्याच वर्षी ऑक्टोबरात राजीनामा देऊन कोलकात्याला निघून आले, आपल्या माणसांना वाचवता येत नाही म्हणून. त्यांचा राजीनामा वाचताना त्यांच्या आशेची राख झालेली दिसते. तरीही त्या करारातलं ते वाक्य मला खरं वाटतं. नागरिकाला परक्याच्या पापाची शिक्षा द्यायची नाही, असाच त्याचा अर्थ मी घेते.

मग तिकडच्यांसाठी आपण काहीच करायचं नाही का? करायचं. जो जीव वाचवून येतो त्याला इथे आसरा आणि कागद लवकर मिळावेत. एप्रिल २०२५मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा तिथल्या हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवले, हे योग्य झालं. जो तिथेच राहू इच्छितो, त्याच्यासाठी येण्याजाण्याची वाट उघडी ठेवणं हे सगळ्यात मोठं संरक्षण आहे, कारण ज्याच्याकडे पाहुणा येतो त्याच्यावर चार डोळे असतात. ९ नोव्हेंबर २०१९ला पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याला जाणारा मार्ग उघडला, तेही बालाकोटच्या वर्षात. ७ मे २०२५ला आपल्या बाजूने तो बंद झाला. संघर्षाच्या दिवसात बंद करणं मी समजू शकते. पण तो बंद राहिल्याने मुरीदकेच्या लष्कर-ए-तय्यबाच्या तळावरच्या दहशतवाद्याचं काही जात नाही, जातं ते कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीचं.

काकांचा भाऊ १९९२च्या त्या आठवड्यात वाचला. दुकानाचं शटर वाकवलं होतं, एवढंच. पुढे तो गेला, त्याच्या अंत्यविधीला काकांना जाता आलं नाही. त्याची पत्रं काकांनी जपून ठेवली होती, सिंधीत, अरबी लिपीत, आमच्या कुणाला वाचता न येणारी. एका दुपारी त्यांनी मला चार-पाच वाचून दाखवली. लग्नं, बाळंतपणं, कापडाचे भाव. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ होती: तिकडे सगळं शांत आहे ना? मी म्हटलं, किती काळजी करायचे तुमची. काका पत्राची घडी घालत म्हणाले, "माझी नाही, बेटी. स्वतःची विचारत होता."