लिफ्टवरून पाहिलेला फुटबॉल

"फुटबॉल कळतो का तुला?" कोचनी विचारलं.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की क्लास बुडवून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस. छातीठोकपणे हो म्हणालो. त्यांनी टेबलावरचा लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू माझ्याकडे टाकला, तेव्हा कुठं ट्यूब पेटली: हा अमेरिकन फुटबॉल.

ऑगस्ट 2014. मिनेसोटातलं एक छोटं कॉलेज. फीत बरीच सवलत मिळाली होती, पण वरखर्चाला पैसे हवेत म्हणून कॅम्पसवर काम शोधत होतो. लायब्ररीतल्या जागा संपल्या होत्या, मेसमध्ये पहाटे पाचची पाळी उरली होती. तिसरं काम होतं फुटबॉल टीमचं व्हिडिओ शूटिंग. घरच्या लग्नांत हॅंडीकॅम धरला होता, तेवढ्या भांडवलावर गेलो. चेंडू हातात घेऊन मी जे उभा राहिलो, त्यावर कोच पोटभर हसले आणि म्हणाले, उद्या दुपारी ये. माझ्याआधी कुणीच अर्ज केला नव्हता, हे नंतर कळलं.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवर काम करता येतं, पण कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासच. शिवाय पगारासाठी सोशल सिक्युरिटी नंबर हा सरकारी क्रमांक हवा. त्यासाठी कोचचं पत्र, परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसचं पत्र, पासपोर्ट आणि आय-20 हा कॉलेजनं दिलेला प्रवेशाचा कागद घेऊन शहरातल्या सरकारी कार्यालयात जायचं. मला कोचनीच गाडीतून नेलं. वाटेत त्यांनी चार फोन केले, चारही सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना. एकाच्या आजीचं ऑपरेशन झालं होतं, ते आधी विचारलं. फुटबॉलचा विषय शेवटी, दोन मिनिटं.

हे फोन कशासाठी, ते पुढं समजलं. टीव्हीवर दिसणारं कॉलेज फुटबॉल डिव्हिजन वनचं, म्हणजे वरच्या गटाचं. आमचं डिव्हिजन थ्री, तिसरा गट, तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, नियमच आहे. पोरगा येतो तो मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळणारी मदत घेऊन, आणि उरलेली फी भरून. छोट्या खाजगी कॉलेजांना विद्यार्थी मिळायची मारामार. शंभर पोरांची फुटबॉल टीम म्हणजे शंभर फिया. त्यामुळे कोचला यंदा किती मॅच जिंकायच्या याच्या जोडीला यंदा किती पोरं आणायची याचाही आकडा असतो. हे मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. त्यांच्या फळ्यावर कोपऱ्यात नुसता 40 लिहिलेला असायचा, आणि मे महिन्याच्या एक तारखेपर्यंत, म्हणजे पोरांनी कॉलेज पक्कं करायच्या दिवसापर्यंत, तो हळूहळू उतरत जायचा.

माझं काम मैदानाकडेला सिझर लिफ्टवर, म्हणजे कात्रीसारख्या दांड्यांनी उंच जाणाऱ्या फळीवर, चढून कॅमेरा चालवायचं. पहिल्या दिवशी मी जे केलं ते कोल्हापूरच्या कुठल्याही माणसानं केलं असतं: चेंडूच्या मागं कॅमेरा फिरवला. रात्री सगळ्या टीमसमोर ते फिल्म लागलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू देणारा-फेकणारा गडी, चेंडू मागच्या गड्याच्या पोटात दिल्यासारखं करतो, तो गडी वाकून धावत सुटतो, कॅमेरा त्याच्या मागं... आणि चेंडू केव्हाच दुसरीकडं लांब फेकला गेलेला, फ्रेमच्या बाहेर. खोलीत हशा. मला जमीन दुभंगावी असं झालं. कोच म्हणाले, "आपल्याच कॅमेऱ्याला फसवलंत, छान. आता त्यांच्या लाइनबॅकरला फसवा." लाइनबॅकर म्हणजे समोरच्यांच्या बचावातला गडी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. चेंडू बघायचाच नाही. दोन्हीकडचे मिळून बावीसच्या बावीस गडी फ्रेममध्ये हवेत, कारण कोचला बघायचं असतं ते चेंडूपासून वीस यार्ड लांब असलेल्या पोराचं पाऊल कुठं पडलं ते. टीम रांगेत उभी राहिली की रेकॉर्डिंग सुरू, शिट्टी झाली की बंद. मधे एकदा स्कोअरबोर्ड घ्यायचा, म्हणजे नंतर कोणता डाऊन, म्हणजे कितवा प्रयत्न, होता ते कळतं. दहा यार्ड सरकायला चार डाऊन, हे एकदा डोक्यात बसलं की खेळ बराचसा उलगडतो.

मग टॅगिंग. हुडल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डावासमोर रकाने भरायचे: आक्रमण, बचाव की किक, कितवा डाऊन, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानावरच्या डाव्या खुणेवर की उजव्या, कितव्या यार्डाच्या रेषेवर, काय खेळले, किती मिळाले. स्वतःच्या अर्ध्यात असलो तर रेषेच्या आकड्याआधी उणे. एका मॅचचे दीडशेच्या आसपास डाव. शनिवारी दुपारी मॅच, रविवारी सकाळी कोच येईपर्यंत हे तयार हवं, कारण पुढच्या प्रतिस्पर्ध्यालाही फिल्म पाठवायचं असतं आणि त्यांचं आपल्याकडं यायचं असतं. सुरुवातीला मला सहा तास लागायचे. ऑक्टोबरपर्यंत अडीचवर आलो. वीस तासांचं गणित जुळवायला कोच मंगळवारचा सराव दुसऱ्या पोराकडून शूट करून घ्यायचे. त्याबाबतीत एकदम कडक.

लिफ्टचा आणखी एक नियम होता. रोज मी वर चढण्याआधी कोच वाऱ्याचा वेग स्वतः बघायचे. 2010 मध्ये एका मोठ्या विद्यापीठात सरावाचं शूटिंग करणारा विद्यार्थी सोसाट्याच्या वाऱ्यात लिफ्ट कोसळून गेला होता. जरा झाडं हलायला लागली की सराव थांबवून माझ्या दिशेनं हात खाली. एकदा मी वरून ओरडलो, "सर, एवढं काही नाही!" उत्तर आलं नाही, हात तसाच खाली. उतरलो. नोव्हेंबरात मात्र उतरायला आवडायचं. थंडीत बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, म्हणून दोन बॅटऱ्या आतल्या खिशात हातगरम पुड्यांबरोबर ठेवायच्या आणि आलटून पालटून घालायच्या.

'सर' मी शेवटपर्यंत सोडलं नाही. बाकी सगळे 'कोच' म्हणायचे. त्यावरून त्यांनी मला जॉन गॅग्लियार्डींबद्दल सांगितलं. कॉलेजव्हिल इथल्या सेंट जॉन्सचे हे कोच, 1953 पासून 2012 पर्यंत तिथंच, त्याआधी चार वर्षं मॉन्टानात. 489 विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कुणाचेच नाहीत. आणि त्यांच्या सरावात शिट्टी नाही, एकमेकांना पाडणं नाही, दीड तासाच्या वर सराव नाही. 'कोच' म्हणायचीही मनाई, जॉन म्हणायचं. आमचे कोच खेळाडू म्हणून त्यांच्या टीमकडून तीनदा हरलेले. पाईनच्या झाडांनी वेढलेल्या त्या खोलगट मैदानावर आम्हीही गेलो आणि सडकून हरलो. वर प्रेस बॉक्समध्ये पहिल्यांदाच मला गरम खोली आणि फुकट सूप मिळालं, त्यामुळे माझी त्या मैदानाची आठवण चांगलीच आहे.

पण एका जागी साठ वर्षं हा अपवाद. आमचे कोच आधी शाळेत इतिहासाचे मास्तर. मग एका कॉलेजात अर्धवेळ सहायक, पगार असा की राहायला वसतिगृहातलीच खोली आणि जेवायला मेस. 22 वर्षांत पाच गावं. त्यांच्या बायको नर्स होत्या. प्रत्येक गावात दवाखाना असतो, म्हणून संसार चालला, असं ते म्हणायचे. हेड कोच झाले तेव्हा वय 45. आणि हेड कोच झाले म्हणजे काय? बसची बिलं त्यांच्याकडं, परीक्षेत नापास होणाऱ्या पोरांची यादी त्यांच्याकडं, जिममध्ये सकाळचा एक तास शिकवायचा तोही त्यांनीच. बचावाचे कोच शनिवारी रात्री जर्सी धुवायचे. हरलेली मॅच लॅपटॉपवर चालू, हातात डाग काढायचा स्प्रे आणि मशीनचा खडखडाट. एक सहायक दिवसा विमा विकायचा. मला आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद आठवायचे, फरक एवढाच की वस्तादांना कुणी आकडा दिलेला नव्हता.

माझ्या तिसऱ्या सीझनला आम्ही दहापैकी दोनच जिंकलो. त्याआधीच्या वर्षी तीन. शेवटची मॅच शनिवारी झाली, रविवारी दुपारी त्यांना ऑफिसात बोलावलं गेलं. सोमवारी सकाळी मी हार्ड डिस्क द्यायला गेलो तेव्हा खोलीत पुठ्ठ्याची दोन खोकी होती आणि कोच फोनवर. पलीकडं कुणाची तरी आई असावी. मी आता इथं नसणार, पण कॉलेज चांगलं आहे, मुलानं जरूर यावं, असं सांगत होते. फोन ठेवला, यादीतल्या नावावर रेघ मारली, पुढचा नंबर लावला. फळ्यावर 40 चा 31 झाला होता. मला वाटलं, आता कशाला? विचारायचा धीर झाला नाही.

तीन-चार फोन झाल्यावर त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"शनिवारचे टॅग झाले?"

"तिसरं क्वार्टर राहिलंय, सर. मला वाटलं..."

"पुरं कर. पुढच्याला लागेल."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप उघडला. आक्रमण. तिसरा डाऊन. सात यार्ड. डावी खूण. उणे 34. पास, अपुरा. शून्य.