डिस्ट्रिब्यूटरच्या बुशने घडवलेली आमची वाटचाल

हिंगणघाटहून जामकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला असलेले आमचे वर्कशॉप मोटारींसाठी उभे राहिलेलेच नव्हते. हा कापसाचा मुलूख. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला की यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि त्यांचे झिजलेले शाफ्ट, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) व पुल्या दुरुस्त करणारा टर्नर हाकेच्या अंतरावर असावा लागतो. वडिलांनी एक जुनी लेथ विकत घेतली ती या कामासाठी. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडले की लेथही थंड असे, आणि अशाच एका रिकाम्या वैशाखात समुद्रपूरकडच्या एका कास्तकाराची अ‍ॅम्बेसेडर आमच्या दारात येऊन थांबली.

ती गाडी १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची होती. उभ्या जागी इंजिन बरे चाले, पण वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेला की गाडी झटके देई, चढावर मिसिंग मारी आणि मध्येच सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येई. तोवर कार्बोरेटर तीन वेळा उघडून झाला होता. प्लग, कॉइल आणि कंडेन्सर नवे बसवले होते. मालक वडिलांना म्हणाले, “गाडी काहून झटके देते तेवढं सांगा भाऊ, मले आणखी एक कार्बोरेटर नको.” वडील मोटार मेकॅनिक नव्हते, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी कार्बोरेटरला हात लावला नाही. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे आमच्याकडचे मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात त्या, प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज पाळीपाळीने वाटणाऱ्या भागाची, कॅप काढली, रोटर उचलून बाजूला ठेवला आणि शाफ्टचे टोक दोन बोटांत धरून आडवे हलवले. शाफ्ट टकटक वाजला. जिनिंगच्या यंत्रांवर तो आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. बुश गेला होता.

हा दोष इतके दिवस का सापडला नाही, हे समजून घेण्यासाठी आतली रचना सांगणे आवश्यक आहे. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावर चार उंचवट्यांचा कॅम असतो आणि प्रत्येक उंचवटा पॉइंटची, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचची, टाच ढकलून पॉइंट उघडतो. पॉइंट ज्या क्षणी उघडतो त्याच क्षणी ठिणगी पडते. या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटची फट सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी लागते. आता शाफ्ट बुशमध्ये ०.१० मिलिमीटर जरी आडवा सरकत असेल तरी फटीचा चौथा हिस्सा त्या हालचालीतच जातो. एका उंचवट्यावर फिलर गेजने ०.४० लावलेली फट दुसऱ्या उंचवट्यावर ०.३० भरते, आणि इंजिनाचा वेग बदलला की तीही बदलते. म्हणजे चारही सिलिंडरना ठिणगी आपापल्या वेळेवर मिळत नाही. एकाला लवकर, दुसऱ्याला उशिरा. डिस्ट्रिब्यूटरमधील एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते, आणि ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० ठिणग्या पडत असतात. अशा वेळी पॉइंट कितीही नवा घातला तरी तो डळमळत्या कॅमवरच चालणार.

झीज एकाच बाजूने का होते, हेही वडिलांनी त्याच दिवशी दाखवले. पॉइंटची पट्टी म्हणजे स्प्रिंग असते आणि ती कॅमला सतत एका बाजूला ढकलत राहते, त्यामुळे बुशचे भोक त्या दिशेने लांबट होते. त्यात रोटरखाली तेलाचे दोन थेंब टाकण्याची सवय मोडली आणि आमच्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरली, की झीज फार लवकर वाढते.

वडिलांनी फॉस्फर ब्राँझचा बुश लेथवर करून बसवला आणि गाडी नीट चालली. त्यानंतर तोंडोतोंडी माहिती पसरली. वर्ध्याहून, पुलगावहून, पुढे यवतमाळहून पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि पेट्रोलच्या जुन्या जीप येऊ लागल्या. मी शिक्षण संपवून लेथवर उभा राहिलो तेव्हा जिनिंगचे काम निम्म्यावर आले होते आणि हे काम वाढत होते.

माझ्या हातून झालेली मोठी चूक येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मूळ बुश सिंटर्ड ब्राँझचा, म्हणजे अंगात तेल धरून ठेवणारा असतो. मी तसे तयार बुश नागपूरहून आणले, एका गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये दाबून बसवले आणि भोक थोडे आवळ वाटले म्हणून रीमर, म्हणजे भोक रुंद करणारे हत्यार, फिरवला. रीमरमुळे आतल्या पृष्ठभागावरची छिद्रे बुजली. दोन महिन्यांनी, भर मे महिन्यात, त्या गाडीचा शाफ्ट बुशमध्ये अडकला, खालच्या ड्राइव्हची पिन तुटली आणि एक कुटुंब लग्नाला जाताना रस्त्यात उन्हात अडकून पडले. ते काम आम्ही नव्याने, विनामूल्य करून दिले. पण त्या मंडळींचे दुपारचे तास मी परत देऊ शकलो नाही, याची बोच अजून आहे. तेव्हापासून सिंटर्ड बुश आम्ही दिवसभर इंजिन ऑइलमध्ये भिजवतो, गुळगुळीत मँड्रेलवर, म्हणजे शाफ्टच्या मापाच्या दांड्यावर, दाबून बसवतो आणि त्याला रीमर लावत नाही. रीमर लावायचाच असेल तर बुश घन फॉस्फर ब्राँझचा करतो आणि त्याला तेलाची वाट ठेवतो.

बुश नवा आणि शाफ्ट जुना, असे अर्धे काम आम्ही स्वीकारत नाही. शाफ्ट मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजतो. झीज असेल तर तो नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत हार्ड क्रोम करून घेतो आणि ग्राइंड करून मूळ मापावर आणतो. यासाठी आठ-दहा दिवस लागतात आणि ग्राहकाला ते जड जाते, याची मला कल्पना आहे.

बुशच्या वर अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पाडणारी, वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. आमच्याकडे आलेल्या डिस्ट्रिब्यूटरांत सर्वाधिक नुकसान मला येथेच आढळते. लुकास पद्धतीच्या अनेक डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन स्प्रिंगा मुद्दामच वेगळ्या असतात. एक बारीक, आणि दुसरी जाड व लांब डोळ्याची, म्हणजे टोकाची कडी लांबट असलेली. जाड स्प्रिंग स्थिर अवस्थेत सैल असते, कारण तिने वेग वाढल्यावरच काम सुरू करायचे असते. ती सैल दिसली म्हणून कोणीतरी पक्कडीने तिचा डोळा आवळतो, आणि त्या दिवसापासून टायमिंग पुरेसे पुढे जात नाही, गाडी पिकअप घेत नाही, पेट्रोल जास्त लागते. ज्यांच्या हाती अशी गाडी आहे त्यांनी ही स्प्रिंग कृपया तशीच सैल राहू द्यावी.

हाताने हलवून पाहणे हे निदानाचे पहिले पाऊल आहे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. रोटर फिरवल्यावर थोडा पुढे जाऊन सोडताच मागे येतो, ही अ‍ॅडव्हान्सची योग्य हालचाल आहे. दोष आडव्या हालचालीत असतो. गाडी चालू असताना आम्ही ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, मोजणारा मीटर लावतो. या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ड्वेल ६० अंशांच्या आसपास हवा, आणि रेस वाढवल्यावर तो तीन अंशांहून अधिक हलला तर संशय बळावतो. टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण स्थिर न राहता पुढेमागे नाचत असेल, तर संशय जवळपास पक्का होतो. त्यानंतर इंजिनाच्या ओढीने टायमिंग बदलणाऱ्या व्हॅक्युमच्या नळीतून तोंडाने हवा ओढून नळीला जीभ लावून ठेवायची; आतली प्लेट सरकून तशीच राहिली नाही तर डायफ्राम फाटलेला असतो. प्लेटला अर्थिंग देणारी विणलेली बारीक वायरही वाकवून पाहावी, कारण ती आवरणाच्या आत तुटलेली असूनही बाहेरून अखंड दिसते.

पुढे आम्ही स्वतःचे तपासणी यंत्र बनवले. शिलाई मशीनची वेग बदलता येणारी मोटर, तिच्यावर डिस्ट्रिब्यूटर बसवण्याचा साचा आणि ३६० अंशांची कोरलेली चकती, एवढीच त्याची सामग्री. चार ठिणग्या बरोबर ९० अंशांच्या अंतराने पडायला हव्यात. झिजलेल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ते अंतर ८७ किंवा ९३ भरते. आमच्याकडे आयटीआय करून आलेली मुलगी आता ही सर्व मापे घेते आणि दुरुस्तीपूर्वीची व नंतरची मापे वहीत लिहिते. तिने मापे घेतल्यापासून मी अंदाजाने बोलणे सोडले. शाफ्टची आडवी हालचाल मर्यादेत असेल तर तेल धरून ठेवणारे फेल्ट बदलून, तेल घालून डिस्ट्रिब्यूटर परत देतो आणि बुशचे पैसे घेत नाही.

२०१४ साली उत्तरपाड्यात अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन थांबले तेव्हा हा धंदा संपेल असे नातेवाईक म्हणत होते. झाले उलटेच, ज्यांनी गाड्या ठेवल्या त्यांना सुटे भाग मिळेनासे झाले आणि आता पुण्याहून, इंदूरहून नुसते डिस्ट्रिब्यूटर पार्सलने येतात. काही ग्राहक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याविषयी विचारतात. त्याला आमचा विरोध नाही, कारण त्यात टाचेची झीज आणि फटीचा प्रश्न उरत नाही. मात्र अ‍ॅडव्हान्सची वजने, स्प्रिंगा आणि शाफ्ट जुनेच राहतात, म्हणून बुशची तपासणी आधी करून घ्यावी असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

सध्या बाकावर एका जुन्या जीपचा डिस्ट्रिब्यूटर आहे. त्याचा बुश आणि शाफ्ट नवे झाले आहेत, तरी चारपैकी एक ठिणगी अडीच अंश उशिरा पडते, कारण कॅमचा तो उंचवटाच झिजला आहे. चार उंचवटे एकसारखे घासून देण्याची अचूकता आमच्या यंत्रांत नाही. मालकांना तसे कळवले आहे, आणि चांगला कॅम असलेला दुसरा डिस्ट्रिब्यूटर मिळेपर्यंत हा येथेच, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला आहे.