१.०२० वर अडलेली बिअर

बुधवार, रात्री

मँचेस्टरहून भाच्याचा फोन. "मावशी, बिअर नासली बहुतेक. ओतून देऊ का?" फोटोत पिंपातल्या बिअरवर पांढरट काहीतरी तरंगतंय. मी आधी आकडा विचारला. सुरुवातीला घनता १.०४८ होती, आता १.०२० वर ठाण मांडून बसली आहे. चव? "गोडसर." मग नासली कशावरून म्हणतोस, बाबा?

या दोन दुखण्यांची लोक सर्रास गल्लत करतात. आंबण्याची क्रिया अडली की साखर उरते, म्हणून आकडा वरच थांबतो आणि बिअर गोड लागते. भलते पाहुणे, म्हणजे बाहेरचे जंतू, शिरले की बहुतेकदा उलटं होतं. आपल्या यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखराही काही रानटी यीस्ट फस्त करतात, त्यामुळे आकडा अपेक्षेपेक्षा खाली घसरतो आणि बिअर पातळ होते. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्यासारखे आंबट करणारे जिवाणू, असले तर आंबटही. म्हणजे निम्मं निदान हायड्रोमीटर, ही घनता मोजणारी तरंगती नळीच करते. फक्त नमुना हलवून त्यातला वायू घालवायचा, नाहीतर बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो.

तरंगाचा जवळून फोटो मागवला. ओले, पिवळट गोळे. यीस्टच ते. जंतूंची साय कोरडी, ताणलेली, सुरकुतलेली असते आणि तिच्याखाली मोठे बुडबुडे अडकतात. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात, बीटपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यात पाश्चरने सूक्ष्मदर्शक लावला, तेव्हा चांगल्या पिंपात गोल पेशी आणि आंबट पिंपात बारीक काड्या दिसल्या. वर्गात हे सांगताना मला दरवेळी मजा यायची. भाच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, पण जीभ आहे.

पिंप ठेवलंय गॅरेजमध्ये, रात्री तिथे १२ अंश! एलचं, म्हणजे त्याच्या या प्रकारच्या बिअरचं, यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत कामाला लागतं, गारठ्यात गोळा होऊन तळाशी बसतं. डिसेंबरात पुण्यात पारा दहाच्या आसपास गेला की माझं इडलीचं पीठसुद्धा सकाळी तसंच निपचित पडलेलं असतं.

हे मध्येच म्हणाले, "एवढं कळतं तर घरीच करून बघ की." महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, हे बँकेत हयात गेलेल्या माणसाला मी सांगायचं! तिकडे स्वतःपुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही.

शनिवार

त्याला एक परीक्षा सांगितली होती. पेलाभर बिअर वेगळी काढायची, त्यात पावाचं यीस्ट सढळ हाताने घालायचं आणि उबेत ठेवायचं. पावाचं आणि एलचं यीस्ट दोन्ही सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच. एम.एस्सी.ला असताना पाषाणच्या एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) संग्रहातून आलेल्या नळ्यांवर हे नाव इतकं वाचलंय की अजून झोपेतही लिहीन. आकडा उतरला तर साखर खाण्याजोगी आहे, यीस्टच थकलंय. नाही उतरला तर दोष मॅशचा, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवण्याचा: धान्य ७० अंशांच्या वर भिजवलं की यीस्टला न पचणाऱ्या साखराच जास्त सुटतात, मग पिंप कितीही उबवा.

पेल्यात १.०१२ आला. म्हणजे थंडीच.

त्याने तोवर कोरड्या यीस्टचं पाकीट आणूनही ठेवलं होतं. सगळे पहिल्यांदा हेच करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. अल्कोहोल झालेल्या, प्राणवायू संपलेल्या बिअरमध्ये कोरडं यीस्ट टाकून फारसं काही होत नाही. घालायचंच तर आधी वेगळ्या भांड्यात फेसाळू द्यावं. त्याआधी पिंप घरात आणायचं आणि झाकण न उघडता हळूच गोल फिरवून गाळ उठवायचा. घुसळायचं नाही, हवा मिसळली की चव शिळी होते.

बाटल्या भरायची घाई मात्र धोक्याची. बाटलीत फेसासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते. १.०२० वर राहिलेली साखर त्याच्या दुपटीहून जास्त, बाटली फुटायचीच.

सोमवार

आकडा १.०१५. एअरलॉकमध्ये (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीत) बुडबुडे नाहीत म्हणून साहेब पुन्हा चिंतेत. झाकण सैल असेल तर वायू तिकडूनच जातो. बुडबुडे मोजू नकोस, सलग तीन दिवस आकडा तोच येईपर्यंत थांब म्हटलं.

आता म्हणतो, डब्यातला आंब्याचा रस घालू का? घाल, पण हा आकडा थांबल्यावर. रसातली साखर नवी, तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्यापासून.