कुणीतरी सरळ विचारलं म्हणून

दिवाळी झाली की आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जायची, त्यात आई आणि अण्णा पण. मुकादमाच्या हिशोबात ते दोघं मिळून एक कोयता, बीडकडे जोडप्याला तसंच मोजतात. मी अन् बहीण आजीकडे, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने. लोक म्हणतात पोरांना सवय होते. होते ना, पण न सांगायची सवय होते. ताप आला, शाळेत कुणी मारलं, चुलता रात्री पिऊन दारावर लाथा घालून गेला, सांगणार कुणाला, आजीला ऐकू कमी यायचं आणि आई परत आली की तिचे हात बघूनच शब्द फुटायचा नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही की अण्णा प्यायचे, मग घरात जे व्हायचं ते इथे लिहीत नाही, बहीण आईला हे वाचून दाखवते.

2018 ला एमपीएससीसाठी पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. वाटलं ते सगळं गावाकडेच राहिलं. दोनदा प्रिलिम निघाली, मेन्स नाही, मग कोरोना, परीक्षा पुढे ढकलायचं सत्र. मार्च 2021 मधे पुन्हा परीक्षा पुढे गेली आणि नवी पेठेत पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा मी रूमवर भिंतीकडे तोंड करून पडलेलो. झोप नाही, मेसला जाणं बंद, डोक्यात एकच की माझ्यावर घरच्यांचे पैसे वाया चाललेत, मी नसलो तर त्यांचं बरं होईल. माझ्या पॉलिटीच्या, म्हणजे राज्यघटनेच्या विषयाच्या नोट्स मी वाटून टाकल्या. सगळ्यांना वाटलं केवढा दिलदार आहे, त्यामागचं कारण एकट्या रूममेटच्या लक्षात आलं.

तो शेजारी येऊन बसला आणि सरळ म्हणाला, "भावा, जीव द्यायचा विचार येतोय का तुला?" मी हो म्हणालो आणि रडायलाच लागलो. त्यानं लेक्चर दिलं नाही, आईबापाची शपथ घातली नाही, रात्रभर सोबत राहिला. असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नको ते भरेल असं आपल्याला वाटतं, पण ते खरं नाही, अभ्यासांतूनही तसंच दिसलंय आणि मला तर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. सकाळी त्यानंच सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढला. मला भीती पोलीस केसची. डॉक्टर मॅडम म्हणाल्या नुसत्या विचारांवर केस होत नाही, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर ज्यानं प्रयत्न केला तो माणूसही प्रचंड ताणाखाली होता असंच धरलंय.

मॅडमनी लहानपणाबद्दल विचारलं तेव्हा मी दचकलो, त्याचा इथे काय संबंध! नंतर वाचलं, अमेरिकेत सॅन दिएगोला 17 हजारांवर मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, मारहाण, घरात दारू, आईला मार, असलं. त्यातल्या पहिल्या साडेनऊ हजारांचं 1998 ला छापून आलं. असे प्रकार जितके जास्त तितका पुढे डिप्रेशनचा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त, चार किंवा त्याहून जास्त असले तर कित्येक पट. हे पुष्कळ लोकांचं मिळून गणित आहे, एकेकट्याचं भविष्य त्यात नसतं, हे मला मॅडमनी दोनदा सांगितलं. त्या यादीत 'आईबाप अर्धं वर्ष ऊसतोडीला होते का' हा प्रश्न नाही, आपल्याकडे तो असायला पाहिजे.

कुणाच्या डोक्यात असे विचार असतील तर 14416 लावा, टेलिमानस, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

गोळ्या वर्षभर चालल्या, बोलायला अजून जातो. गेल्या हंगामात आईला फोनवर पहिल्यांदा विचारलं, आम्हाला सोडून जाताना तुला कसं व्हायचं गं? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुमच्या दोघांचं एकेक कापड बोचक्यात नेत व्हते. कुणी इचारलंच नाही रं आजवर." मागून गाडी भरायला हाका चालू होत्या, तिनं फोन ठेवला.