आईसाठी शुगरचं मशीन निवडताना

औषधाच्या दुकानात शुगरचं मशीन मागितलं की दुकानदार आधी ऑफर सांगतो: पन्नास पट्ट्या घ्या, मशीन फुकट. सगळा धंदा त्यातच आला. मशीन एकदा घ्यायचं, पट्ट्या कायमच्या, आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. आई दिवसातून दोनदा तपासते, म्हणजे महिन्याला ६० पट्ट्या. एक पट्टी २० रुपयांना धरली तरी १२०० रुपये झाले. तेव्हा मशीन बाजूला ठेवून मी आधी पट्टीचीच चौकशी सुरू केली. मला कोणत्या रंगाचं हवं, हे मात्र प्रत्येक दुकानात विचारलं गेलं.

नवीन घ्यायची वेळ आली त्याचं कारण असं. आई अकोल्याला, मी पुण्याला. ती सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. जेवणाआधी तिला कधी कधी दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे. ही शुगर उतरल्याची लक्षणं, पण मशीन ९०-९५ दाखवायचं. साखरपाणी घेतलं की थोड्या वेळात बरं वाटायचं. आत्याचा निष्कर्ष, "मशीनात तं बरोबर आहे, मंग वयाचंच असन." डॉक्टरांनी मशीनपेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवला, इन्सुलिनचे युनिट कमी केले आणि मशीन लॅबशी ताडून बघा म्हणाले.

ताडून बघण्याचीही रीत असते. उपाशीपोटी जायचं, कारण जेवणानंतर बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्या शुगरमध्ये मुळातच फरक पडतो. बोटातली जास्त येते. शिरेतून रक्त काढल्यावर लगेच, पाचेक मिनिटांच्या आत, बोट टोचायचं. लॅबवाल्याने ते रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतलंय ना, हे बघायचं. त्या नळीत फ्लोराइड असतं. ते नसेल आणि नळी तशीच पडून राहिली तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि लॅबचाच आकडा खाली येतो. आईचा लॅबचा आकडा आला ११८, मशीनचा १४९.

एवढा फरक चालतो का? ग्लुकोमीटरसाठी, म्हणजे या शुगरच्या मशीनसाठी, आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३च्या आवृत्तीनुसार शुगर १०० किंवा जास्त असेल तर शंभरातले किमान ९५ आकडे लॅबच्या १५ टक्के वर-खाली या मर्यादेत यायला हवेत. १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. म्हणजे ११८ ला साधारण १०० ते १३६ पर्यंत काहीही दाखवलं तरी मशीन पास. "काल १२० होती, आज १३० झाली" म्हणून रात्रीचं जेवण सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पण १४९ या मर्यादेतही बसत नव्हतं.

उत्तर घरातच होतं, आईच्या रक्ताच्या रिपोर्टात. हिमोग्लोबिन ८.६, हिमॅटोक्रिट २७. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, टक्क्यांत. पट्टीच्या टोकाशी एन्झाइम असतं. रक्तातलं ग्लुकोज त्याच्यापर्यंत पोचलं की रासायनिक क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मशीन तो मोजतं. तांबड्या पेशी या वाटेत आडव्या येतात. त्या कमी असल्या की ग्लुकोज सहज पोचतं, प्रवाह वाढतो आणि शुगर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. जुन्या पट्टीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलं होतं: हिमॅटोक्रिट ३५ ते ५०. आईचं रक्त त्या पट्टीसाठी नव्हतंच. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही चूक वाईट दिशेची, कारण उतरलेली शुगर तिच्यामागे लपते. आपल्याकडे पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, घरोघरी. असं असताना हा आकडा खोक्यावर ठळक का छापत नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही.

नव्या पद्धतीच्या काही पट्ट्यांमध्ये जादा इलेक्ट्रोड असतात. ते हिमॅटोक्रिटचा अंदाज घेतात आणि मशीन त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करतं. मी २० ते ६० छापलेली पट्टी शोधली. दुकानदाराला माहितीपत्रक उघडून दाखवा म्हटलं की तो आधी वैतागतो, मग स्वतःच वाचायला लागतो. घरात कोणी पोटाच्या डायलिसिसवर असेल तर पट्टीत कोणतं एन्झाइम आहे हेही डॉक्टरांना विचारून घ्या. त्या डायलिसिससाठी पोटात सोडायच्या काही द्रावांत आयकोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ असतो, त्यामुळे जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारचं एन्झाइम असलेल्या पट्ट्या शुगर खोटी वाढवून दाखवतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २००९ मध्ये तसा इशारा दिला होता.

मग आईचे हात. बोटांची संवेदना कमी झालेली, नजर अधू. पट्टीच्या बाटलीचं झाकण तिला जड जायचं, म्हणून तिने पट्ट्या एका प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवल्या होत्या. त्या बाटलीत ओल शोषणारा पदार्थ असतो. बाहेर काढल्या की पट्ट्या दमट हवेने बिघडतात. पण आईला काय म्हणणार? झाकण तरुण बोटांसाठी बनवलंय. मी दुकानात चक्क झाकणं उघडून बघितली. रुंद पट्टी, कडेने रक्त ओढून घेणारी, थेंब कमी पडला तर आकडा न देता थांबणारी, आणि दर नव्या बाटलीला मशीनमधला कोड बदलावा न लागणारी, असं सगळं एकत्र मिळालं ते मशीन दिसायला अगदी ओबडधोबड होतं. आकडे मोठे, पट्टी ढकलून टाकायला खटका. ब्लूटूथ नाही.

तिला नवं नकोच होतं. "जुनं चालते नं, मंग काह्याले पैसे घालतं?" लॅबचा कागद आणि जुनं मशीन शेजारी ठेवलं तेव्हा गप्प बसली.

अमेरिकेतल्या एम्स नावाच्या कंपनीचं शुगरचं पहिलं मशीन १९७०च्या सुमारास आलं तेव्हा ते किलोभराहून जड होतं आणि फक्त डॉक्टर-दवाखान्यांना विकलं जायचं. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही इंजिनिअरने ते आपल्या डॉक्टर बायकोच्या नावावर मिळवलं आणि घरच्या घरी शुगर मोजायला सुरुवात केली. मीही इंजिनिअरच, त्यामुळे हे वाचून बरं वाटलं.

अकोल्याच्या उन्हाळ्याचा प्रश्न मात्र कुठल्याच मशीनने सोडवला नाही. पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात. फ्रीजमध्ये ठेवाव्यात तर काढ-घाल करताना ओल धरते. आता आई कूलरच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात बाटली ठेवते आणि मी ५० ऐवजी २५ ची बाटली घेते; दोन आठवड्यांच्या आत संपते. उन्हाळ्यात पुण्याहून कुरिअर करत नाही, तिथल्याच दुकानातून घ्यायला लावते. आंबा चिरल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय बोट टोचायचं नाही, हाही नियम. बोटाला लागलेला रस मशीनला रक्तातलीच साखर वाटतो.

शेवटचं काम चिकटपट्टीचं. शुगर २० च्या खाली गेली की हे मशीन आकड्याऐवजी एल आणि ओ ही इंग्रजी अक्षरं दाखवतं, ६०० च्या वर गेली की एच आणि आय. आईला इंग्रजी आकडे मोबाइलमुळे येतात, अक्षरं येत नाहीत; एल-ओ तिला १० वाटलं असतं. मशीनच्या पाठीवर दोन्ही आकृत्या काढून खाली मराठीत लिहिलं: ही आली तर लगेच साखर खा, ही आली तर डॉक्टरांना फोन कर. शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवलं, कारण शुगर तेवढी उतरली तर वाचायचं भान आईला असेलच असं नाही.